ऐंशी रुपये आणि जिद्द: लिज्जतच्या गोष्टीतून काय गाळलं जातं

महिला दिन आला, बचत गटांचा मेळावा भरला, उद्योजकतेचं शिबिर लागलं की एक मजकूर हमखास फिरतो. शब्द थोडे बदलतात, सांगणं तेच असतं: "सात बायकांनी ८० रुपये उधार घेतले, गच्चीवर पापड लाटले आणि आज त्यांची १६०० कोटींची कंपनी आहे. भांडवल नाही, कोणाची मदत नाही. प्रत्येकीच्या हातची घरगुती चव आणि जिद्द, बस्स. तुम्हीही करू शकता."

श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड ही संस्था आम्हाला आदराचीच आहे. म्हणूनच या मजकुराचा प्रतिवाद करावासा वाटतो. तो वाचून वीस बायका डाळ भरतात, तीन महिने राबतात आणि उधारीत अडकून घरी बसतात. त्यांची जिद्द कमी पडली, असं मग लोक म्हणतात. लिज्जत ज्या व्यवस्थेवर उभी राहिली, ती मात्र त्यांना कोणी सांगितलेलीच नसते.

पहिला दावा भांडवलाचा. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर जसवंतीबेन पोपट आणि आणखी सहा जणींनी पापडांची चार पाकिटं केली, हे खरं. पण त्या ८० रुपयांतून त्यांनी तोट्यात चाललेला एक छोटा पापडाचा धंदाच विकत घेतला होता. शिवाय पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये होती, म्हणजे भांडवल चिमूटभर आणि धंदाही तेवढाच. धंदा वाढतो तसं खेळतं भांडवल, म्हणजे रोजच्या मालाला आणि मजुरीला लागणारा पैसा, वाढावंच लागतं.

आजचा हिशोब मांडू. वीस जणींचा गट आहे, प्रत्येकी रोज चार किलो भिजवलेलं पीठ लाटते. म्हणजे ८० किलो ओलं पीठ आणि त्यासाठी साधारण ५५ किलो उडदाचं कोरडं पीठ. किलोला १४० रुपये धरले तर ७,७०० रुपये. लाटण्याची मजुरी किलोमागे ५० रुपये, म्हणजे ४,०००. हिंग, मिरी, पापडखार, मीठ, पाकिटं आणि वाहतूक मिळून २,३०० धरा. रोजचे १४,००० रुपये झाले. दुकानदार ४५ दिवसांनी पैसे देणार आणि त्यात कामाचे दिवस ३६, तर पहिला रुपया हाती येण्याआधी ५,०४,००० रुपये गुंतलेले असतात. भाव गावागावात बदलतील, पण गटाची बचत दीड लाख असेल तर अकराव्या दिवशी डाळ भरायला पैसे उरत नाहीत. गट बहुतेक वेळा इथेच बसतो. पापड चांगले असतात आणि मागणीही असते, तरी बसतो.

यावर उपाय दोनच: उधारीचे दिवस कमी करणं आणि बाहेरून खेळतं भांडवल आणणं. बँकेने बचत गटाकडे दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत गटातल्या प्रत्येक सदस्येमागे ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल ठेवलं, तेही खेळत्या भांडवलासाठी आणि लहान अवजारांसाठी. ज्यांनी योजना आखली त्यांना माहीत होतं की गाडी अडते ती इथेच.

"कोणाची मदत नाही" हा दुसरा दावा. तो निखालस चूक आहे. दान घ्यायचं नाही हा सात जणींचा निर्धार होता; दान नाकारणं वेगळं आणि मदत नसणं वेगळं. ८० रुपये देणारे छगनलाल पारेख ऊर्फ छगनबापा हे सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी या समाजसेवी संस्थेचे कार्यकर्ते होते आणि ते पैसे देऊन बाजूला झाले नाहीत. धंदा धंद्यासारखा चालवा, हिशोब चोख ठेवा, हे त्यांनी लावून धरलं. सुरुवातीला या बायका दोन प्रतीचे पापड करत, एक चांगला आणि एक स्वस्तात विकायचा. छगनबापांनी ते बंद करवलं आणि एकच प्रत ठेवायला लावली. आमच्या मते पुढच्या सगळ्या वाढीचा पाया त्या एका निर्णयात आहे. नंतर १९६६ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली, खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने मान्यता दिली, आठ लाख रुपयांचं खेळतं भांडवल आणि काही करसवलती मिळाल्या. १९६६ सालचे आठ लाख! या रकमेचा उल्लेख त्या मजकुरात कधीच नसतो.

तिसरा दावा, "प्रत्येकीच्या हातची घरगुती चव", सगळ्यात जास्त नुकसान करतो. लिज्जतचा पापड घरी लाटला जातो, पण पीठ घरी भिजवलं जात नाही. ते शाखेत एकाच मापाने मळलं जातं आणि सदस्या सकाळी येऊन ते घेऊन जातात. त्याच वेळी आदल्या दिवशीचे वाळलेले पापड जमा होतात, वजन होतं, तपासणी होते, मजुरी मिळते. ज्यांच्या घरात पापड पसरायला जागा नाही, त्या शाखेत पीठ मळण्याचं किंवा पाकिटं भरण्याचं काम करतात.

हे असं का, ते पोळपाटाजवळ बसलं की कळतं. एक किलो उडदाच्या पिठाला साधारण ४०० ते ४५० मिलि पाणी लागतं, पण डाळ जुनी की नवी, दळण बारीक की जाड, यावर ते बदलतं. वीस घरी वीस हात अंदाजाने पाणी घालतील तर वीस प्रकारचं पीठ होईल. पापडखार थोडा जास्त पडला की तळल्यावर पापड लालसर होतो आणि मागून कडवट लागतो. कमी पडला की फुलत नाही. पीठ नीट कुटलं नाही तर लाटताना कडा फाटतात. दोऱ्याने लाट्या कापताना एक मोठी आणि एक लहान झाली, तर दोनशे ग्रॅमच्या पाकिटात कधी तेरा पापड बसतात, कधी सतरा. गिऱ्हाईक चव एक वेळ विसरेल, पण मागच्या वेळी फुललेला पापड या वेळी चिवट निघाला तर पुन्हा ते पाकीट उचलणार नाही.

वजनाचा काटा इथे तपासनीसाचं काम करतो. एक किलो ओलं पीठ नेलं तर वाळून पाऊण किलो ते आठशे ग्रॅम पापड भरायला हवा. त्याहून जास्त भरला तर पापड ओलसर आहे, पाकिटात बुरशी धरणार. बराच कमी भरला तर एक तर पीठ घरी राहिलं किंवा पापड कडकडीत वाळला, म्हणजे वाहतुकीत चुरा होणार. भर उन्हात टाकला तर कडा वळतात आणि पाकिटात एकावर एक बसत नाहीत. सावलीत वाऱ्यावर वाळवून शेवटी थोडं ऊन दाखवायचं. गटाला वजनकाटा, एका मापाचे पोळपाट आणि आवक-जावकीची वही एवढं दिलं, तर शंभर प्रेरणादायी भाषणांपेक्षा जास्त काम होतं.

पावसाळ्याचंही तेच. पहिल्या वर्षी लिज्जतला चार महिने काम बंद ठेवावं लागलं, कारण पापड वाळत नव्हते. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि शेगडी आणली. खाटेवर पापड, खाली शेगडी. चार महिन्यांची मजुरी बुडायची वाचली ती या दोन वस्तूंमुळे.

आता "१६०० कोटींची कंपनी". लिज्जत ही कंपनी नाही, नोंदणीकृत संस्था आहे, आणि हा शब्दांचा कीस नाही. लाटणारी प्रत्येक बाई तिथे सहमालक असते. नफा-तोट्यात वाटा असतो, निर्णयात आवाज असतो. पुरुष चालक, हिशोबनीस म्हणून नोकरी करतात. सदस्य होऊ शकत नाहीत. आणि आकडा उलाढालीचा आहे, नफ्याचा नव्हे. तो खरा धरला आणि ४५,००० सदस्यांत भागला तर प्रत्येकीमागे वर्षाची विक्री साडेतीन लाखांच्या आसपास येते. त्यातला मोठा भाग डाळ, हिंग, मिरी, वाहतूक आणि दुकानदाराच्या वाट्याला जातो. म्हणजे लिज्जतने कुणाला कोट्यधीश केलं नाही. लाटलेल्या पापडाचे पैसे वेळच्या वेळी हातात दिले, तेही स्वतःच्या नावाने. ज्या घरात नवऱ्याच्या पगाराचा भरवसा नाही, तिथे ठरल्या दिवशी हाती येणाऱ्या दोनशे रुपयांची किंमत वर्षाअखेरच्या दोन हजारांपेक्षा जास्त असते. गटाने नफा वाटण्याची घाई करू नये, मजुरी मात्र एक दिवसही थकवू नये, असं आम्ही सांगतो ते यामुळे.

"तुम्हीही करू शकता" याबद्दल थोडक्यात. खुद्द लिज्जतलाही सगळं जमलं नाही. १९६१ मध्ये मालाडला काढलेली शाखा चालली नाही. १९७९ च्या सुमारास चामड्याच्या वस्तू आणि आगपेट्या करून पाहिल्या, अगरबत्तीही केली. यातलं काही तगलं नाही. पिठाची गिरणी, छपाई आणि पाकिटांचा विभाग टिकला, कारण त्यांचं पहिलं गिऱ्हाईक पापडच होता.

ज्यांना या गोष्टीतून खरोखर काही घ्यायचं आहे त्या दुकानदारांनी, हॉटेलवाल्यांनी, कंपन्यांनी गटाला शिलाई यंत्र भेट देऊन फोटो काढण्याआधी आपली देणी तपासावीत. गटाची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत पैसे देणं २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याने बंधनकारक आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. वरच्या हिशोबात ४५ ऐवजी १५ दिवस घाला: कामाचे दिवस बारा आणि गुंतलेली रक्कम १,६८,००० रुपये. दीड लाखाची बचत असलेल्या गटाला मग फक्त अठरा हजार कमी पडतात.