पॉइंट नाहीत म्हणून पोरगा बाद?

काल रात्री बहिणीने जळगावहून एक फॉरवर्ड पाठवला. अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या शेन बॅटिएचा फोटो, खाली मजकूर: 'एनबीएत १३ सीझन, सरासरी फक्त ८.६ पॉइंट. फुकट पगार! दोन ट्रॉफ्या लेब्रॉनच्या जिवावर. डोळ्यांसमोर हात धरून चीटिंग. पालकांनो, मुलगा बास्केट करत नसेल तर वेळीच खेळ बदला.' आणि त्याखाली तिचा प्रश्न: "दादा, याला काढू का रे मग?"

'याला' म्हणजे माझ्या भाच्याला. वय १४. म्हणून बसलो लिहायला, नाहीतर असले फॉरवर्ड मी उघडतही नाही.

८.६ खरं आहे. घ्या.

पण 'फुकट पगार'? फेब्रुवारी २००९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या मॅगझिनमध्ये मायकेल लुईस यांनी याच माणसावर लांबलचक लेख लिहिला. तेव्हा बॅटिए ह्यूस्टन रॉकेट्सकडून खेळायचा. टीमच्या आकडेवारीत दिसत होतं की तो कोर्टवर असला की आपले खेळाडू सुधारतात आणि समोरचे बिघडतात. मॅचआधी त्याला समोरच्याची कुंडली मिळायची: कुठून मारला तर जातो, कुठून चुकतो. कोबी ब्रायंटसारख्या धो धो पॉइंट करणाऱ्या स्टारला तो अडवायचा म्हणजे काय करायचा? ब्लॉकच्या, म्हणजे शॉट हवेतच अडवण्याच्या, मागे न लागता त्याला लांबून, अवघड जागेवरून मारायला लावायचा. गेला तर गेला, पण दहादा तिथूनच मार बाबा. त्याच लेखातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: सॅन अँटोनियो टीमचा स्टार जिनोबिली सुरुवातीला न खेळता नंतर बाकावरून उठून यायचा, तर त्याच्याच वेळात आपण कोर्टवर असावं म्हणून बॅटिएने स्वतःहून कोचला सांगितलं, मला सुरुवातीला उतरवू नका. पहिल्या पाचातली जागा कोणी अशी सोडतो का? आमच्याकडे पहिल्या पाचात नाव नाही म्हणून बाप लोक कोचशी भांडतात.

चीटिंगचं म्हणाल, तर एनबीएत शॉट मारणाऱ्याला न लागता त्याच्या तोंडासमोर हात धरणं फाउल नाही. हां, आपल्याकडे फिबाचे, म्हणजे जागतिक बास्केटबॉल संघटनेचे, नियम चालतात, त्यात डोळ्यांजवळ हात नेऊन दिसू न देणं टेक्निकल फाउल आहे. तेवढं पोरांना शिकवू नका.

लेब्रॉनच्या जिवावर? अर्धं मान्य. २०१२ आणि २०१३ ला सुपरस्टार लेब्रॉन नसता तर मायामी, म्हणजे बॅटिएची तेव्हाची टीम, जिंकली नसती, हे सांगायला फॉरवर्ड कशाला लागतो? पण २०१३ च्या फायनलची सातवी मॅच काढून बघा. बॅटिएचे ८ पैकी ६ थ्री (लांबून मारलेले तीन पॉइंटचे शॉट) आत, १८ पॉइंट. मायामी ९५-८८.

आता ते शेवटचं वाक्य. त्याचाच राग आहे.

मागच्या महिन्यात भुसावळला भाच्याची मॅच बघितली. समोर त्याच्यापेक्षा वीतभर उंच पोरगा, आदल्या मॅचला धो धो बास्केट केलेला. तो दरवेळी उजवीकडेच वळायचा. आमच्या पठ्ठ्याने दुसऱ्या मिनिटाला ते हेरलं आणि त्याच्या उजव्या खांद्याला जो चिकटला, तो सुटलाच नाही. गुडघे वाकवलेले, हात वर, सिमेंटवर बुटांची करकर. तिसऱ्या क्वार्टरला त्या उंच पोराने बॉल मागणंच सोडलं, नुसता स्वतःच्या टीमवर ओरडत होता. माझ्या शेजारचे काका मात्र वैतागलेले: "हाऊ पोऱ्या बॉल टाकसच नही!" मॅच संपल्यावर स्कोअरशीट पाहिली. भाच्याच्या नावापुढे शून्य पॉइंट, तीन फाउल. त्या कागदावर बास्केट आणि फाउल तेवढे लिहितात; समोरच्याचे किती होऊ दिले नाहीत, ते लिहायला रकानाच नाही. घरी त्याने तोच कागद दाखवला असणार, आणि वर हा फॉरवर्ड.

बहिणीला लिहिलं, काढू नकोस, उद्या सकाळी सहाला ग्राउंडवर पाठव, आठनंतर कोर्ट तापतं.

तिचं उत्तर आलं: "बरं. पण बूट फाटलेत म्हणतोय. मामाने घ्यायचे."