‘आपल्या राउटरमागे कोण लागतंय?’ या संदेशाला उत्तर

परभणी-नांदेडकडच्या व्हॉट्सॲप गटांतून एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे चार कलमांत येते: राउटर जास्तीत जास्त अँटेनांचा घ्यावा, वायफायचे नाव लपवले की तो सुरक्षित झाला, चालू राउटरच्या सेटिंगला हात लावू नये, आणि आपल्यासारख्या लहान गावातल्या माणसाच्या राउटरमागे कोणी लागत नाही. मला शेवटचे कलम सर्वांत घातक वाटते, कारण पहिली तीन पटतात ती त्याच्याच भरवशावर.

अँटेनांचे थोडक्यात सांगतो. राउटरने किती शक्तीने लहरी सोडाव्यात याला सरकारी मर्यादा आहे आणि अँटेना वाढवल्याने ती वाढत नाही. आपल्याकडे अडथळा असतो तो माळवदाच्या घराच्या हातभर जाड भिंतींचा आणि पत्र्याचा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीपलीकडे बऱ्यापैकी पोचतात, ५ गिगाहर्ट्झच्या वेगवान असल्या तरी भिंतीशी लवकर क्षीण होतात. म्हणून राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर आणि लोखंडी कपाटापासून दूर ठेवावा, आणि तरीही ओसरीपर्यंत पोचत नसेल तर तिथवर तार ओढून दुसरे यंत्र बसवावे. खोक्यावरचा १२०० हा वेगाचा आकडा बहुधा या दोन प्रकारच्या लहरींच्या वेगांची, म्हणजे ३०० आणि ८६७ यांची, गोळाबेरीज असतो. एका मोबाइलला तो वेग कधीच मिळत नाही. त्यापेक्षा राउटरमध्ये डब्ल्यूपीए३ ही वायफाय सुरक्षित ठेवण्याची नवी पद्धत आहे का आणि कंपनी सुरक्षेचे अपडेट किती वर्षे देणार आहे, हे दुकानदाराला विचारावे.

नाव लपवण्याचा उपाय फसवा आहे. राउटरने नाव जाहीर करणे थांबवले तरी तुमचा मोबाइल जोडला जाताना ते नाव हवेतून उघडेच जाते आणि फुकट मिळणाऱ्या साधनांनी वाचता येते. उलट असे लपवलेले नाव साठवलेले अनेक मोबाइल बसस्थानकावर, आठवडी बाजारात, जिथे जातील तिथे त्या नावाने हाका मारत राहतात. संरक्षण खरे तर पासवर्डचे असते, आणि इथेच आपल्याकडची एक सवय नडते: घरातल्या कोणाचा तरी मोबाइल क्रमांक हाच वायफायचा पासवर्ड. २००४ पासून चालत आलेल्या डब्ल्यूपीए२ या तिच्या आधीच्या पद्धतीत मोबाइल राउटरला जोडला जातानाची देवाणघेवाण रस्त्यावरून टिपता येते आणि मग सवडीने, तुमच्या घरापासून दूर बसून, पासवर्डचा अंदाज घेता येतो. आपले दहा आकडी क्रमांक ६ ते ९ यांपैकी एका आकड्याने सुरू होतात, म्हणजे शक्यता ४०० कोटींच्या आत. गेम खेळण्यासाठी विकले जाणारे चांगले ग्राफिक्स कार्ड त्या सगळ्या काही तासांत तपासून संपवते. एकमेकांशी संबंध नसलेल्या चार-पाच मराठी शब्दांची रोमन लिपीतली, मध्ये आकडे घातलेली ओळ लक्षातही राहते आणि इतक्या सहज सापडतही नाही. डब्ल्यूपीए३ मध्ये असे दूर बसून अंदाज घेणे जमत नाही. जुन्या राउटरवरची डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी पिनने किंवा बटणाने जोडून घेण्याची सोय, मात्र बंदच करावी: तिचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे जेमतेम ११,००० प्रयत्न पुरतात, हे २०११ मध्येच उघड झाले आहे.

‘हात लावू नका’ या सल्ल्यामागची भीती मला समजते. अपडेट चालू असताना लाइट गेली तर राउटर कायमचा बंद पडू शकतो आणि उन्हाळ्यात आपल्याकडे ही शक्यता खरीच आहे. पण त्यावर उपाय म्हणजे इन्व्हर्टरवर असताना अपडेट करणे. ते टाळत राहणे नव्हे. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर या घातक प्रणालीने जगभरात पाच लाखांहून अधिक राउटर आणि तत्सम उपकरणे ताब्यात घेतली. त्यांतल्या बहुतेकांमधल्या त्रुटी आधीच माहीत झालेल्या होत्या.

आता शेवटचे कलम. कोणी माणूस नकाशा उघडून आपले गाव शोधतो, अशी यात कल्पना आहे. प्रत्यक्षात हे काम यंत्रे करतात आणि ती गाव पाहत नाहीत, इंटरनेटवरचे पत्ते एकामागून एक ठोठावतात. २०१६ मध्ये मिराई या अशाच घातक प्रणालीने कारखान्यातून आलेल्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या वापरून लाखो कॅमेरे आणि राउटर काबीज केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिच्या एका नव्या रूपाच्या हल्ल्यात जर्मनीतल्या सुमारे नऊ लाख ग्राहकांचे इंटरनेट विस्कळीत झाले. त्यांत बहुतेक साधी घरे होती. ताब्यात गेलेला राउटर बँकेचे नाव टाइप करणाऱ्याला खोट्या पानाकडे वळवू शकतो. तिथे ब्राउझर इशारा देतो, पण घाईत तो ओलांडणारे कमी नाहीत. शिवाय तुमच्या जोडणीवरून दुसऱ्याने गुन्हा केला, तर तपास आधी जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्या दारात येतो.

म्हणून वायफायच्या पासवर्डाइतकाच, राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा वेगळा पासवर्ड महत्त्वाचा आहे, आणि बहुतेक घरांत तो नेटवाला जोडणी देऊन गेला त्या दिवशीचाच असतो. फायबरसोबत मिळालेल्या डब्यालाही हे लागू आहे. राउटरच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावर सेटिंगचा पत्ता असतो. तिथे जाऊन हा पासवर्ड बदलावा, बाहेरून, म्हणजे इंटरनेटवरून, राउटर हाताळण्याची सोय बंद करावी आणि लग्नसराईत येणाऱ्या पाहुण्यांसाठी वेगळे अतिथी वायफाय सुरू करावे.