काच बंद असली तरी धुराडं लागतंच

थंडी पडली की पुण्यात व्हॉट्सअ‍ॅपवर काढे, लेप आणि उबेचे उपाय यांना ऊत येतो. सध्या मुळशी-पानशेतकडे फार्महाऊस असलेल्यांच्या आणि सोसायट्यांच्या ग्रुपवर एक निरोप फिरतोय, तो लाकडावर चालणाऱ्या फायरप्लेस इन्सर्टचा. इन्सर्ट म्हणजे पुढे काचेचं दार असलेली पोलादी किंवा बिडाची पेटी. ती बांधीव फायरप्लेसच्या पोटात बसवतात आणि तिच्यात लाकूड जाळतात.

निरोपाचं म्हणणं थोडक्यात असं: पेटी बंद, म्हणून धूर-गॅस खोलीत येत नाही आणि धुराड्याचा खर्च वाचतो. फ्लॅटमध्येसुद्धा बाथरूमच्या डक्टमध्ये चार इंची पाईप सोडला की काम झालं. झोपताना हवेची झडप पूर्ण बंद करा, रात्रभर ऊब. लाकूड कुठलंही चालतं, कडुनिंबाचं तर औषधी. विषारी गॅस झालाच तर वास येतो, आणि पाण्याची बादली ठेवली की तो शोषला जातो. वीजबिल वाचतं ते वेगळंच. वर हुकमी एक्का: ‘आपल्या आजीने जन्मभर बंब पेटवला, तिला काय झालं?’

माझं काम बेकऱ्यांच्या आणि हॉटेलांच्या भट्ट्यांना धुराडी बसवण्याचं. हाच निरोप पुढे करून ‘असं बसवून द्या’ म्हणणारी गिऱ्हाइकं यायला लागली, म्हणून हे लिहितोय.

एक गोष्ट निरोपात बरोबर आहे. उघडी फायरप्लेस दिसायला झकास, पण लाकडातली जेमतेम दहा टक्के उष्णता खोलीला देते. उरलेली वर जाते आणि जाताना खोलीतली गरम हवाही ओढून नेते. चांगला इन्सर्ट ६० ते ८० टक्के उष्णता खोलीत देतो. महाबळेश्वरच्या एखाद्या जुन्या बंगल्यात धडधाकट बांधीव फायरप्लेस असेल, तर तिच्यात इन्सर्ट बसवणं शहाणपणाचंच आहे. इथपर्यंत ठीक.

आता काच. पेटी हवाबंद नसतेच, असून चालणारही नाही. जाळ व्हायला खोलीतली हवा आत जावी लागते. ती ज्या फटींतून आत जाते, त्याच फटींतून धूर बाहेर येऊ शकतो. तो येत नाही, कारण वर धुराड्यात तापलेल्या हवेचा खांब उभा असतो आणि तो खालून ओढ लावतो. ही ओढ किती नाजूक असते ते बघा. पाच मीटर उंच धुराडं, आत २०० अंशांचा धूर आणि बाहेर १५ अंश धरले, तर मिळतात साधारण २० पास्कल, म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटर पाण्याइतका दाब. एवढ्यावर सगळा कारभार! दारं-खिडक्या लावून शेजारच्या स्वयंपाकघरातली इलेक्ट्रिक चिमणी फुल स्पीडवर सोडली, तर ती या ओढीला सहज हरवते आणि इन्सर्टचा धूर उलटा खोलीत येतो. परीक्षा करायची असेल तर लाकूड पेटवण्याआधी चिमणी लावा आणि इन्सर्टच्या किंचित उघडलेल्या दाराशी उदबत्ती धरा. उदबत्तीचा धूर तुमच्या तोंडाकडे वळला, तर तिथे जाळ करू नका. बाहेरची हवा आत येईल अशी सोय आधी करा.

म्हणजे पेटी दुय्यम आहे, खरं काम धुराडं करतं. नेमका त्याचाच खर्च वाचवायला हा निरोप सांगतो. बांधीव फायरप्लेसचं जुनं धुराडं बहुतेकदा इन्सर्टला फार रुंद पडतं. त्यात धूर पसरतो, गार होतो आणि मंदावतो. म्हणून इन्सर्टच्या गळ्यापासून थेट धुराड्याच्या माथ्यापर्यंत स्टेनलेस स्टीलचा अखंड लायनर, म्हणजे धुराड्याच्या आतून जाणारा पाईप, सोडायचा, बहुतेक इन्सर्टना सहा इंची, आणि त्याभोवती उष्णता धरून ठेवणारं सिरॅमिक ब्लँकेट गुंडाळायचं. खाली लायनरच्या भोवतीची मोकळी जागा पत्र्याने बंद करायची. माथा छपरातून निघतो तिथून किमान तीन फूट वर हवा, आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्याहून दोन फूट उंच. वर टोपी आणि जाळी. जाळी विसरू नका. आपल्याकडे इन्सर्ट वर्षातले नऊ-दहा महिने बंद राहणार, आणि पुण्यातल्या पारव्यांना तेवढा वेळ भरपूर झाला. दिवाळीच्या आसपास धुराडं वरून खालपर्यंत बघून, ब्रश मारून घेतल्याशिवाय काडी लावायची नाही.

फॅब्रिकेटरकडून ‘तसंच’ बनवून घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. जीआय पाईप वापरू नका. त्याच्यावरचा जस्ताचा थर एवढ्या उष्णतेसाठी नसतो, जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि फार तापलं की त्याची वाफ छातीत जाते. आणि दाराला टफन्ड ग्लास नको. ती साधारण २५० अंशांपर्यंतची. इन्सर्टला सिरॅमिक ग्लास लागते, ती ७०० अंशांपर्यंत टिकते. दिसायला दोन्ही सारख्याच, म्हणून फसगत होते. पाईप स्लॅबमधून, पीओपीच्या फॉल्स सीलिंगमधून किंवा कौलांखालच्या वाशांमधून जात असेल, तर तिथे सिंगल पत्र्याचा पाईप चालत नाही. मधे इन्शुलेशन असलेला दुहेरी पाईप लागतो, आणि लाकडापासून कंपनीने सांगितलेलं अंतर लागतं.

डक्टचा सल्ला वाचून मात्र मी हात जोडले. सोसायटीची डक्ट वरून उघडी असते म्हणून ती धुराडं होत नाही. ती रुंद आणि गार असते, धूर तिच्यात शिरताच थंडावतो आणि घुटमळतो. मग तो जातो कुठे? प्रत्येक मजल्यावरच्या बाथरूमच्या काचेच्या पट्ट्यांमधून शेजाऱ्यांच्या घरात. शिवाय त्याच डक्टमध्ये ड्रेनेजचे पीव्हीसी पाईप उतरलेले असतात, आणि पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. तुम्ही ऊब घेणार आणि वरच्या मजल्यावरच्या काकू गुदमरणार. फ्लॅटमध्ये इन्सर्ट नाही, विषय संपला.

झडप बंद करून झोपण्याचा सल्ला सगळ्यांत आवडता, आणि माझ्या मते सगळ्यांत वाईट. याचं मूळ पुण्याच्या थंडीत आहे. १७ जानेवारी १९३५ ला इथे १.७ अंश तापमान होतं, तो आजवरचा नीचांक. एरवी जानेवारीतली रात्र ११-१२ अंशांची. इन्सर्ट घडवतात ते बर्फाच्या देशांसाठी, सहा-आठ किलोवॅटचे. आपल्या बारा बाय पंधराच्या खोलीला दीड-दोन किलोवॅट पुरतात. मग इन्सर्ट रंगात आला की तासाभरात स्वेटर निघतात आणि कुणीतरी उठून झडप आवळतं. हवा तोडली की लाकूड जळत नाही, धुमसतं. अर्धवट जळालेला धूर धुराड्यात गार होतो आणि आतल्या भिंतीवर काळा, चिकट डांबरासारखा थर जमतो, त्याला क्रिओसोट म्हणतात. हा थर पेटतो. धुराड्यातली आग ११०० अंशांच्या घरात जाऊ शकते. तसं झालंच, आतून घरघर ऐकू आली, तर दार आणि हवेच्या झडपा बंद करायच्या, सगळ्यांनी घराबाहेर पडायचं आणि १०१ फिरवायचा. वरून पाणी ओतायचं नाही.

दुसरा धोका आवाज करत नाही. पहाटेकडे ज्वाळा संपतात, निखारे उरतात. निखारे कार्बन मोनॉक्साईड भरपूर सोडतात, आणि नेमकं तेव्हाच धुराडं गार होऊन ओढ मंदावलेली असते. त्यात झडप बंद. म्हणून लहान, पण लख्ख जाळ करा, झोपायच्या आधी तो जळून संपू द्या, आणि निखारे पुरते विझेपर्यंत वर जाणारी वाट मोकळी ठेवा.

‘गॅसचा वास येतो’ हे साफ चूक. वास येतो तो धुराचा. कार्बन मोनॉक्साईडला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. पाण्यात तो जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे बादलीचा उपयोग सकाळी तोंड धुवायला. तो जमिनीलगत बसतो म्हणून पलंगावर झोपावं, असंही कुणी सांगतं. तो हवेहून किंचित हलका असतो आणि खोलीभर मिसळतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट धरतो. सुरुवात डोकेदुखी, मळमळ आणि गरगरण्याने होते, म्हणजे आपल्या घरात जिला ‘पित्त झालंय’ म्हणतात तीच. कोविडपासून घरोघरी असलेला ऑक्सिमीटर इथे दगा देतो. साध्या ऑक्सिमीटरला मोनॉक्साईडने भरलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजनने भरलेलं हिमोग्लोबिन वेगळं ओळखता येत नाही, माणूस बेशुद्धीकडे चालला असताना तो ९८ दाखवू शकतो. घरातल्या दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं, तर आकडा बघत न बसता बाहेर मोकळ्या हवेत या आणि दवाखाना गाठा. कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म वेगळा मिळतो, धुराचा अलार्म त्याचं काम करत नाही. मोनॉक्साईडचा अलार्म झोपायच्या खोलीत हवाच. त्याच्या सेन्सरला वयोमर्यादा असते, मागे छापलेली तारीख बघून बदला.

लाकडाबद्दल. कडुनिंबाच्या धुराने डास पळतात, पण जळताना त्यातूनही तेच बारीक कण आणि तोच मोनॉक्साईड निघतो. बाभूळ उत्तम, पण ओली नको. उन्हाळ्यात फोडून उघड्यावर रचलेलं लाकूड मुळशी-ताम्हिणीच्या पावसात चार महिने भिजतं आणि डिसेंबरात वरून कोरडं दिसतं. ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला मॉइश्चर मीटरच्या दोन सुया टोचा. आकडा २० टक्क्यांच्या आत हवा. प्लायवूड, एमडीएफ, सनमायका किंवा जुना रंग असलेलं फर्निचर अजिबात नको, त्यातला गोंद आणि रंग जळून नको ते वायू घरात येतात. जिवंत झाड तोडायचं असेल तर महापालिका हद्दीत १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे परवानगी लागते, ते झाड तुमच्या अंगणातलं असलं तरी.

राख पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात, घराबाहेर. कचऱ्याच्या पिशवीत नाही. राखेत निखारा दोन-दोन दिवस जिवंत राहतो.

आता आजीचा बंब. तांबट आळीत घडलेला तो तांब्याचा बंब मलाही प्रिय आहे. मधोमध जाळाची नळी, भोवती पाणी, करवंट्या आणि ढलप्या टाकल्या की आंघोळीपुरतं कढत. पण तो पेटायचा परसात, नाहीतर मोरीच्या उघड्या कोपऱ्यात. दार लावून त्याच्याशेजारी कुणी झोपत नसे. शेगडी खोलीत घेऊन, दार लावून झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत, ही बातमी मात्र दर हिवाळ्यात कुठून ना कुठून येतेच.

राहिलं वीजबिल. दीड हजार वॉटचा ऑइल हीटर सलग चार तास चालला तर जास्तीत जास्त सहा युनिट. आपल्या बिलावरचा दर बघा, वखारीतल्या सुक्या बाभळीचा भाव विचारा आणि स्वतःच गुणाकार करा. लायनरचा खर्च त्यात धरायला विसरू नका.