ठेल्यावरचे पोहे, थंड गराडू आणि काकांची तक्रार

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया मी शनिवारी रात्री साडेअकराला रिक्षात वाचली. इंदूरच्या राजवाड्यावरून घरी चालले होते, बोटांना जिरावण (वरून भुरभुरायचा आमचा इंदुरी मसाला) लागलेलं होतं. म्हणजे ज्या गुन्ह्याबद्दल तुम्ही रागावलात तो अगदी ताजा होता. म्हणून लगेच उत्तर दिलं नाही. आज मंगळवार, हात धुतलेले आहेत, सावकाश लिहिते.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी आम्हा चार मैत्रिणींच्या शनिवारच्या सराफा-फेरीबद्दल (सराफा म्हणजे दिवसा सोन्याचा आणि रात्री खाण्याचा बाजार) लिहिलं होतं, आणि जाता जाता एक वाक्य टाकलं होतं की ठेल्यावरच्या पोह्यांपुढे घरचे पोहे मिळमिळीत. त्यावर काकांनी (जुने इंदूरकर, आता पुण्याला मुलाकडे) तीन गोष्टी सुनावल्या. पहिली, हा आईच्या हाताचा अपमान आहे. दुसरी, 'आमच्या वेळी घरच्या बायका सराफ्यात उभ्या राहून खात नसत. खावंसं वाटलं तर पुरुषमाणूस पुडा घरी आणायचा आणि सगळे मिळून खायचे.' तिसरी, 'ठेला' आणि 'सेव' हे कसलं मराठी, हातगाडी आणि शेव लिहा. शिवाय जाता जाता, पोह्यांवरचा कच्चा कांदा म्हणजे आळस, आमची फेरी म्हणजे उधळपट्टी आणि सराफ्यात आता गर्दी फार, हेही.

तिसरीचा निकाल आधी लावते. शेव तुमची, लेखात दुरुस्त केलं. ठेला मात्र ठेलाच राहील. पणजोबांपासून आमच्या घरात हाच शब्द आहे, आणि 'हातगाडी' म्हटलं की मला अजूनही रद्दीवाला आठवतो.

पोह्यांचं वाक्य तोऱ्यात लिहिलं गेलं, कबूल. ते मागे घेते, पण अर्धंच. कारण नाव एक असलं तरी हे दोन वेगळे पदार्थ आहेत. आपण कांदा फोडणीत परततो, पोहे घालतो, झाकण ठेवून एक वाफ आणतो आणि लगेच बशीत. माणूस आंघोळीला गेला की गेले, कोरडे पडतात. ठेलेवाल्याला तेच पोहे पहाटेपासून दहा-अकरापर्यंत मऊ ठेवायचे असतात. म्हणून त्याची कढई उकळत्या पाण्याच्या भांड्यावर बसवलेली असते आणि पोहे सतत वाफेवर असतात. आत हळद, मीठ, साखर, बडीशेप. इतका वेळ वाफेवर राहिलेल्या पोह्यांत दाताला काहीच लागत नाही. म्हणून मग वरून शेव आणि बारीक चिरलेला कच्चा कांदा, त्यावर जिरावण, लिंबू, आणि शेजारी जिलबी. तुम्हाला जो कच्चा कांदा आळस वाटतो, तो तिथे मुद्दाम आहे. मी घरी चाळणी-पातेलं मांडून हा प्रयोग केला आहे. चार माणसांच्या पोह्यांचा लगदा झाला. त्याला मोठा ढीग लागतो. इथे आई हरत नाही, पातेलं हरतं.

आता दुसरी गोष्ट. ही मला लागली, कारण तुम्ही लिहिलंत ते अगदी खरं आहे. आमच्याकडेही पुडाच यायचा.

रामबागेत राहायचो आम्ही. थंडीत, बहुतेक शनिवारीच, नाना, म्हणजे माझे वडील, रात्री जेवणानंतर 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणून निघायचे. सराफ्यातली सोन्याची दुकानं आठ-नऊला बंद झाली की त्यांच्याच ओटल्यांवर कढया चढतात. रात्री एक-दोनपर्यंत जाग असल्यामुळे सोनारांनाही चोरांची धास्ती कमी, असं जुने लोक सांगत. नाना अकराच्या सुमारास परत यायचे. हातात वर्तमानपत्राचा पुडा, खालून तेलाने पारदर्शक झालेला. आई आम्हाला उठवायची. पुड्यात गराडू असायचे. (पुण्यातल्या वाचकांसाठी: कोनफळाच्या जातीचा कंद.) गार, मऊ, जिरावण ओलं होऊन चिकटलेलं. आम्हाला तेच आवडायचं, कारण गराडू असेच असतात अशी आमची समजूत होती. आई तव्यावर परत गरम करायची, मग ते चिवट व्हायचे. नाना कधीच घ्यायचे नाहीत. 'मला नको, तुम्ही खा,' म्हणायचे आणि आरामखुर्चीत बसून आमच्याकडे बघायचे. आम्हाला वाटायचं, काय त्याग आहे.

नाना गेल्यानंतर दोन वर्षांनी, डिसेंबरात, मी आईला सराफ्यात घेऊन गेले. ती ६१ वर्षांची होती. आयुष्य इंदूरात गेलं, दिवसा त्याच गल्लीत तिचं मंगळसूत्र घडलं, पण रात्री तिने पाऊल ठेवलेलं नव्हतं. पदर घट्ट धरून चालत होती, कोणी ओळखीचं दिसेल या काळजीने. गराडूवाल्याने आधी एकदा तळून ठेवलेले तुकडे आमच्यासमोर पुन्हा कडकडीत तेलात सोडले. ते वर आले, फुटल्यासारखे खरबरीत झाले, झाऱ्याने उचलून त्याने दोन्यात, म्हणजे द्रोणात, टाकले, जिरावण भुरभुरलं, लिंबू पिळलं. आईने एका बंद दुकानाच्या पायरीला टेकून पहिला तुकडा तोंडात टाकला. जीभ भाजली. वरून कुरकुरीत, आतून पिठूळ. ती थांबली, दुसरा घेतला, मला न विचारता तिसरा घेतला.

'हे असं असतं होय?' म्हणाली.

मग त्या ठेलेवाल्याला विचारलं, पुडा बांधून नेला तर किती वेळ टिकतं? तो म्हणाला, माताजी, दस मिनट. आई जरा वेळ कढईकडे बघत राहिली आणि एकदम हसायला लागली. 'म्हणजे तुझ्या वडिलांना हे माहीत होतं. ते इथेच खाऊन यायचे!' डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. नानांवर रागावली नाही हं. पण घरी गेल्यावर त्यांच्या फोटोकडे बघून 'लबाड' म्हणाली, हे मी ऐकलं.

तर आमच्या चौघींचा शनिवार त्या रात्रीनंतर सुरू झाला. तुम्ही उधळपट्टी म्हणालात म्हणून हिशोबही देते. एक दोना गराडू, एक भुट्ट्याचा कीस (मका किसून दुधात शिजवलेला, आणि 'कीस' या शब्दाला तरी तुम्ही नाव ठेवणार नाही), आणि शिकंजी दोघींत एक. इंदुरी शिकंजीत लिंबू नसतं, आटवलेलं दूध आणि सुका मेवा असतो, दोघींना पुरून उरते. जलेबा, म्हणजे भली मोठी जिलबी, महिन्यातून एकदा, तोही चार तुकडे करून, कारण एकीला साखर आहे आणि ती आपला तुकडा मोजून अर्धा करते. चौघींचे मिळून पाचशेच्या वर जात नाहीत. सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाचा प्रयोग असला तर आधी नाटक.

गर्दीबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. नूडल्स, मोमो, तोंडात पेटतं पान घालून काढलेले व्हिडिओ, हे सगळं त्या अरुंद गल्लीत आता फार झालं आहे, आणि इतके गॅसचे सिलेंडर एकमेकांना खेटून बघितले की मलाही धडकी भरते. आम्ही सव्वानऊला पोचतो आणि रेटारेटी सुरू व्हायच्या आत निघतो. या शनिवारची साडेअकरा ही रिक्षा न मिळाल्यामुळे.

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात लग्नाला इंदूरला येणार आहात, आणि 'सौभाग्यवतींना कधी सराफ्यात जावंसंही वाटलं नाही'. काकूंना घेऊन या. आम्ही चौघी असतोच. आणि काका, पुडा बांधून होईपर्यंत तुम्ही तिथे उभ्या उभ्या किती खायचात, ते मला कळवू नका. ते आधी काकूंना सांगा.