चित्राची वेळही पडद्यावर दिसली पाहिजे

उपग्रह, ड्रोन आणि रडारची माहिती एका पडद्यावर आली की कमांडरला 'या क्षणाचं' रणांगण दिसतं, हे नुकत्याच वाचलेल्या एका लेखातलं विधान मला पटलं नाही. रडारवरचा ठिपका काही सेकंदांपूर्वीचा असतो. उपग्रहाचं चित्र मात्र तो शेवटचा वरून गेला तेव्हाचं, आणि ढग असतील तर साध्या कॅमेऱ्याला तेही मिळत नाही. तिथे रडारवाला उपग्रहच लागतो. २०२५ च्या ऑपरेशन सिंदूरमध्ये लष्कराच्या 'आकाशतीर' या हवाई संरक्षण यंत्रणेने अनेक रडारचं चित्र एकत्र करून दाखवलं, त्याचा अभिमान आहेच. पण ते सगळे स्रोत ताजे होते. शिळं आणि ताजं एकाच रंगात मिसळलं की घोटाळा होतो.

मी तोफखान्यात होतो. तेव्हा नकाशावर टाल्क म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा कागद अंथरून, पुसता येणाऱ्या मेणाच्या चायनाग्राफ पेन्सिलीने शत्रूची ठाणी मांडायचो. प्रत्येक खुणेशेजारी खबर कधीची ते लिहायचंच. वेळ नसली तर साहेब ती खूण सरळ फडक्याने पुसायला लावायचे. आता रावेरला केळी करतो. गेल्या जूनच्या वादळात निम्मी बाग आडवी झाली, आणि मोबाईलवरच्या उपग्रह नकाशात ती चार दिवस हिरवीगार उभी होती! चित्राची तारीख कोपऱ्यात, चष्मा लावूनही दिसेना अशी. माझं नुकसान केळीचं होतं. तिकडे रणांगणावर असल्याच पडद्यावर बघून तोफा डागल्या जातात, म्हणून प्रत्येक खुणेवर तिची वेळ ठळक हवी.