निळा पडदा आला म्हणून मशीन भंगारात काढू नका

नमस्कार दादरकर,

(नाव लिहिलेलं नाही, 'दादरहून एक वाचक' एवढंच आहे, म्हणून हे.)

जुनं मशीन व्हर्च्युअलबॉक्समध्ये उतरवण्याबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया झणझणीत आहे. इतरांसाठी थोडक्यात सांगतो: वडिलांच्या छापखान्यातलं विंडोज एक्सपीचं मशीन तुम्ही मी लिहिल्याप्रमाणे व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा, नकली संगणक चालवणारा प्रोग्राम) उतरवलंत, सुरू करताच निळा पडदा आणि 0x0000007B हा एरर कोड. त्यावरून तुमचं म्हणणं असं की ही सगळी रिकामटेकडी उठाठेव आहे, फाइली पेनड्राइव्हवर घ्याव्यात आणि डबा भंगारवाल्याला द्यावा. शिवाय आजच्या काळात एक्सपी चालवा म्हणणं म्हणजे व्हायरसला आवतण.

आधी निळा पडदा. 7B म्हणजे विंडोजला ज्या डिस्कवरून सुरू व्हायचंय तीच सापडत नाहीये. बहुतेक वेळा डिस्क आणि इमेज (डिस्कची फाइलीत घेतलेली जशीच्या तशी नक्कल) दोन्ही शाबूत असतात. एक्सपी बूट होताना ज्या डिस्क कंट्रोलरची (डिस्क हाताळणारी चिप) नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, आहे, त्याचाच ड्रायव्हर उचलतं. तुमच्या मदरबोर्डवर व्हीआयए किंवा एसआयएसचा चिपसेट असेल, तर नोंद त्याची. व्हर्च्युअलबॉक्स मात्र इंटेलचा जुना पीआयआयएक्स4 पुढे करतो. ओळख पटत नाही, गाडी अडते.

म्हणून पहिल्यांदा व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंग्जमधलं स्टोरेज बघा. डिस्क साटाला (डिस्क जोडण्याची नवी पद्धत) जोडलेली असेल तर ती आयडीईला (जुनी पद्धत) लावा. साटाच्या एएचसीआय मोडचा ड्रायव्हर एक्सपीत मुळात नसतोच. तरीही 7B येत असेल आणि जुनं मशीन अजून धडधाकट असेल, तर त्यावर डिव्हाइस मॅनेजर उघडा, आयडीई कंट्रोलरचा ड्रायव्हर बदलून यादीतला 'स्टँडर्ड ड्युअल चॅनल पीसीआय आयडीई कंट्रोलर' निवडा, मशीन बंद करा आणि मग नव्याने इमेज घ्या. निळ्याऐवजी काळ्या पडद्यावरच अडकलं, तर व्हर्च्युअलबॉक्सच्याच सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम'खाली असलेलं आय/ओ एपीआयसी चालू करून बघा.

डिस्क टकटक करत असेल तर मात्र यातलं काहीही त्या मशीनवर करू नका. मुंबईच्या दमट हवेत वीस वर्षं काढलेल्या डिस्कला उगाच पुन्हापुन्हा चालू करण्यात शहाणपण नाही. ती बाहेर काढा, लॅमिंग्टन रोडवर आयडीई-टू-यूएसबी अडॅप्टर मिळतो तो लावा आणि लिनक्समधून डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचवणाऱ्या प्रोग्रामने इमेज घ्या. ते आधी वाचता येणारा भाग उचलतं, खराब सेक्टरांच्या मागे नंतर लागतं. मॅप फाइल (कुठवर वाचून झालं याची नोंद) ठेवलीत तर मध्येच वीज गेली तरी पुढून सुरू करता येतं. पुढची दुरुस्ती त्या इमेजच्या प्रतीवर करायची.

आता 'फाइली घेतल्या की झालं'. फोटो, एक्सेल, पीडीएफ असतील तर खरंच झालं, त्यासाठी एवढा घाट घालू नये. पण छापखान्याची डिस्क म्हणजे पेजमेकर, पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर. त्याची शेवटची मोठी आवृत्ती 7, ती आली 2001 साली. त्यात लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, मंडळांच्या पावत्या, आणि सगळा मजकूर युनिकोडपूर्व फाँटांत. या फाँटांमध्ये 'क' इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसलेला असतो आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. तोच फाँट आणि तेच सॉफ्टवेअर नसेल तर फाइल उघडूनही हाती येतात नुसती वेडीवाकडी चिन्हं. कन्व्हर्टर आहेत, मजकूर काढून देतात, जोडाक्षरं आणि रफार हाताने तपासावे लागतात. पानाची मांडणी मात्र गेलीच. 'तीच पत्रिका, फक्त तारीख बदला' म्हणून जुनं गिऱ्हाईक आलं की काय करणार? व्हर्च्युअल मशीनमध्ये ती उघडते, पोस्टस्क्रिप्ट काढून पीडीएफ करता येते, आणि ती कुठल्याही प्रेसला चालते.

व्हायरसचं म्हणणं रास्त आहे. एक्सपीचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 ला संपला. 2017 च्या वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या वेळी मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून पॅच (दुरुस्ती) दिला होता. पण पेजमेकरला इंटरनेट लागतं कशाला? व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंग्जमधल्या नेटवर्कमध्ये 'नॉट अटॅच्ड' निवडा. फाइलींची ने-आण शेअर्ड फोल्डरने होते, त्याला नेटवर्क कार्ड लागत नाही. फक्त शेअर एकाच फोल्डरचा करा, अख्ख्या डी ड्राइव्हचा नको. तुमचं मूळ मशीन छापखान्याच्या लॅनवर होतं, त्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित.

लायसन्सबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगून ठेवतो: मशीनबरोबर आलेलं ओईएम लायसन्स त्या मशीनपुरतंच असतं, सुटं विकत घेतलेलं रिटेल लायसन्स हलवता येतं. हार्डवेअर बदललेलं दिसलं की एक्सपी पुन्हा ॲक्टिव्हेशन मागणार, तेव्हा बॉक्स आणि प्रॉडक्ट की शोधून ठेवा.

खरी अडचण तुमच्या प्रतिक्रियेत आलेलीच नाही, ती म्हणजे डोंगल, सॉफ्टवेअर चालायला संगणकाला लावावी लागणारी छोटी कुलूपवजा डबी. मराठी फाँटांच्या बऱ्याच पॅकेजना तो लागतो. यूएसबीचा असेल तर यूएसबी फिल्टर लावून आत देता येतो. प्रिंटर पोर्टवरचा, पंचवीस पिनांचा असेल तर बाजारातली यूएसबी-टू-पॅरलल केबल घेऊ नका, पैसे वाया जातील. ती संगणकाला प्रिंटर म्हणून दिसते, पोर्ट म्हणून नाही, आणि डोंगल सापडत नाही. खरा पॅरलल पोर्ट असलेला संगणक लागेल, तिथेही व्हर्च्युअलबॉक्समध्ये हे हमखास जमेल असं नाही.

तेव्हा मशीनच्या मागे कोणता डोंगल लावलाय ते बघून कळवा, आणि मदरबोर्डवर छापलेलं मॉडेलही. तोवर भंगारवाल्याला थांबवा.