शंका घेणाऱ्याचं नाव यादीतून काढणारे तुम्ही कोण?

"निवडणुकीचा निकाल न मानणारे चार प्रकारचे असतात: अडाणी, रिकामटेकडे, विकलेले आणि देशद्रोही. अशांची नावं मतदार यादीतून काढून टाका." हा मेसेज कधीचा फिरतोय. परवा तो गावच्या ग्रुपवर माझ्या मामाचं नाव जोडून पडला. मामा दर्यापूरकडचा कापूसवाला शेतकरी. निकालानंतर पारावर तो एवढंच म्हणाला होता, "आपल्या गावात तं सारे इकडचेच होते, मंग तो निवडून आलाच कसा?"

आधी ते नाव काढण्याचं. कोणाचं नाव यादीत राहू शकत नाही हे १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात, कलम १६ मध्ये लिहिलंय: जो नागरिक नाही, ज्याला कोर्टाने मनोरुग्ण ठरवलं, निवडणुकीतल्या गैरप्रकारासाठी जो अपात्र ठरला. शंका घेणारा त्यात कुठेच नाही. उलट १९५१ च्या कायद्याचं कलम ८१ साध्या मतदारालाही ४५ दिवसांत हायकोर्टात निकालाला आव्हान द्यायचा हक्क देतं. आणि नाव काढायची ही धमकी नुसती बडबड समजू नका. फॉर्म ७ भरून एक मतदार दुसऱ्याच्या नावावर हरकत घेऊ शकतो. खुन्नस म्हणून कोणी तो खोटा भरला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हे मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी वाचून ठेवावं. पण ऐन वेचणीत सुनावणीसाठी तहसीलच्या चकरा मामालाच माराव्या लागतील, त्याचं काय?

अडाणी आणि रिकामटेकडे? अमेरिकेत ६ जानेवारी २०२१ ला निकाल नाकारत संसदेवर चाल करून गेलेल्यांपैकी ज्यांना अटक झाली, त्यांचा अभ्यास शिकागो विद्यापीठाच्या रॉबर्ट पेप यांनी केला. त्यात दुकानदार, डॉक्टर, वकील, धंद्याचे मालक निघाले. बेरोजगार थोडेच. बहुतेक जण कुठल्या सशस्त्र टोळीचेही नव्हते. गोऱ्यांची संख्या जिथे घटत होती तिथून मात्र ते जास्त आले होते. आपली जागा दुसरे घेताहेत, ही भीती त्यामागे होती.

मामा कुठे चाल करून गेला नाही. पण जागा जाण्याची धास्ती इथेही आहे. आपला माणूस निवडून आला तर पांदण रस्ता होतो, पीकविम्याच्या अर्जाला तालुक्यात कोणी विचारतं. पडला की पाच वर्षं ओळख देत नाही कोणी. त्यात पारावर, भावकीत, ग्रुपवर सगळे एकाच बाजूचे. मतदारसंघात असे शेकडो बूथ आहेत, तिकडचे पार कोणी ऐकलेत?

विकलेले, हे अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. पैसा आहे, पण तो वर. अमेरिकेतल्या त्याच निवडणुकीतल्या मतदान यंत्रांबद्दलचे खोटे आरोप दाखवल्याबद्दल फॉक्स न्यूज या तिथल्या वाहिनीने यंत्रं बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीला एप्रिल २०२३ मध्ये ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन खटला मिटवला. त्याच खटल्यात वाहिनीच्या निवेदकांचे आपसांतले मेसेज बाहेर आले. ते आरोप त्यांना स्वतःलाच पटत नव्हते. खालचा माणूस मात्र फुकटात विश्वास ठेवतो.

देशद्रोही? २००९ ला लोकसभा हरल्यावर मशीनवर भाजपच्या नेत्यांनी शंका घेतली, आता काँग्रेसवाले घेतात. दोघेही देशद्रोही का?

मामाला उत्तर द्यायचं असेल तर मतदान संपल्यावर बूथवरच्या एजंटला फॉर्म १७ सी ची प्रत मिळते, त्यात किती मतं पडली ते असतं. ती आणा, फॉर्म २० म्हणजे अंतिम निकालपत्रातल्या बूथवार आकड्यांशी लावा आणि त्याच्यासमोर ठेवा. अडत्याच्या पट्टीतली चूक तो जागेवर पकडतो, हेही त्याला कळेल.